पाळी जायच्या वयातला त्रास: बहिणीला लागू पडलेला पॅच मला चालेल का?

अबोली:
मी ४६ची. गेलं वर्षभर पाळीचं काही खरं नाही, कधी बावीस दिवसांनी येते, कधी दोन महिने पत्ताच नाही आणि आली की चार दिवस नुसतं धो धो. तेवढंच असतं तर निभावलं असतं गं, पण रात्री तीनच्या सुमाराला छातीतून वाफ उसळून मानेपर्यंत येते, गाऊन घामाने चिंब, धडधड, पांघरूण भिरकावून बसते तर पाच मिनिटांत थंडीने कुडकुडायला लागते. मग झोप गेली ती गेलीच. दिवसा रोजच्या माणसाचं नाव आठवत नाही, मुलावर उगाच ओरडते आणि बाथरूममध्ये जाऊन रडते. डॉक्टर म्हणाल्या या वयात होतंच, कॅल्शियम घ्या. मोठी बहीण हार्मोनचा पॅच लावते, तिला दोन महिन्यांत उतार पडला, ती म्हणते तूही तोच लाव. पण मला अर्धशिशी आहे, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेघा येतात, त्यामुळे तरुणपणी गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या होत्या. मग हे हार्मोन चालतील? आणि एकीकडे लाळेची टेस्ट करून 'खास तुमच्यासाठी' हार्मोन बनवून देतो म्हणतात, ते करू का?

निशिगंध:
अबोली, 'होतंच' हे ऐकून मीही दोन वर्षं काढली, त्याचा अजून राग येतो. होतं हे खरं, पण म्हणून सोसत बसायचं? तू आजपासून एक वही कर. पाळीच्या तारखा, पॅड किती तासांनी बदलावा लागला, वाफा किती वेळा, झोप किती वाजता मोडली, डोकं कधी दुखलं, एवढंच. मी तीन महिन्यांची वही दुसऱ्या डॉक्टरांपुढे ठेवली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, दर दोन तासांनी पॅड बदलताय? मग रक्त तपासलं तर फेरीटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तळाला गेलेला. निम्मा थकवा आणि ती धडधडसुद्धा लोह कमी असल्यामुळे होती, मी सगळं वयाच्या खात्यावर टाकत होते.

रेवा (स्त्रीरोगतज्ज्ञ):
तपासल्याशिवाय औषध सांगणार नाही, पण काही गोष्टी स्पष्ट करते. गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजन सहसा जास्त ताकदीचं असतं आणि चमकत्या रेघांच्या अर्धशिशीत त्याने स्ट्रोकचा धोका वाढतो, म्हणून तुमची गोळी बंद केली ते बरोबरच होतं. पॅच किंवा जेलमधल्या इस्ट्रोजनचं तसं नाही, ते कातडीतून हळूहळू जातं, नेहमीच्या डोसला रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढत नाही, आणि अर्धशिशी आहे एवढ्यावरून ते नाकारत नाहीत. मात्र कमी डोसने सुरू करायचं, आणि रेघा वाढल्या तर लगेच कळवायचं.

दुसरं, बहिणीचं गर्भाशय काढलंय का विचारा. नसेल तर तीही पॅचबरोबर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन घेत असेल. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजन घेतलं तर आतलं अस्तर जाड होतं आणि कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून तिचा पॅच उचलून लावू नका.

लाळेच्या टेस्टवर पैसे घालवू नका. या काळात हार्मोन आज वर, उद्या खाली, त्यावरून डोस ठरत नाही. पंचेचाळिशीनंतर रक्तातल्या एफएसएच या हार्मोनची तपासणीसुद्धा सहसा लागत नाही, लक्षणांवरून निदान होतं. त्यापेक्षा हिमोग्लोबिन, फेरीटिन, थायरॉइड, बीपी आणि एवढा रक्तस्राव आहे तर सोनोग्राफी. धडधडीसाठी ईसीजी.

आणि हार्मोन घेतले की स्तनाचा कॅन्सर होतो, ही २००२च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाची भीती अजून बायकांच्या मनात आहे. त्यात बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध तोंडावाटे दिलं होतं. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर बहुतेकींना फायदा जास्त. धोका शून्य नाही, इस्ट्रोजन आणि प्रोजेस्टेरॉन एकत्र बरीच वर्षं घेतले तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, म्हणून घरात कुणाला होता का ते सांगा.

सांजवात:
माझ्यासारख्या बायकांसाठी लिहिते. मला स्तनाचा कॅन्सर झाला होता, टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणून इस्ट्रोजन अडवणारी गोळी) चालू आहे, म्हणून हार्मोन नको म्हणाले आणि त्या गोळीनेच वाफा दुप्पट. मला वाटलं आता इलाजच नाही. एकीने स्वतः घेते ती पॅरॉक्सेटीन (डिप्रेशनवरची गोळी, वाफांवरही देतात) सुचवली, बरं झालं आधी विचारलं, कारण ती टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करते. मला व्हेनलाफॅक्सीन (हीसुद्धा डिप्रेशनवरचीच) दिली, सोबत सीबीटीची, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाची, सेशन्स केली. वाफा पूर्ण गेल्या नाहीत पण रात्री एकदाच उठते आणि परत झोप लागते, माझ्यासाठी हे खूप आहे. कोरडेपणासाठी आधी साधं मॉइश्चरायझर, त्याविषयी बोलायला लाजू नका, मी वर्षभर लाजले.

अबोली:
वाचून डोळे भरून आले. बहिणीला फोन केला, तिचं गर्भाशय काढलेलंच आहे! मला माहीत होतं पण डोक्यात हा संबंध आलाच नाही. वही सुरू केली, परवा रात्री ३:१०ला पहिली नोंद. रेवाताई, एकच, पाळी अशी लांबतेय तर दिवस राहायची काळजी आता नाही ना?

रेवा (स्त्रीरोगतज्ज्ञ):
आहे. पॅचने गर्भधारणा टळत नाही. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली तर पुढे दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली तर एक वर्ष काळजी घ्यायची. तुमच्या डॉक्टरांना हार्मोनच्या कॉपरटीसारख्या साधनाबद्दल विचारा, गर्भाशयात बसवतात. लिव्होनोरजेस्ट्रेल या प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनचं, ५२ मिलिग्रॅमचं असेल तर रक्तस्राव कमी होतो, दिवस राहत नाहीत, आणि पॅच लावलाच तर अस्तराचं रक्षणही तेच करतं. सोनोग्राफी आधी होऊ दे मात्र. तासाला पॅड भरायला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

अबोली:
गुरुवारची वेळ मिळाली, वही आणि बहीण दोघींना घेऊन जातेय.