अनुभव धागा: रॉकवाल्यांची आत्मचरित्रं

ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला (जुलै २०२५) तेव्हापासून त्याच बँडच्या गिटारवादकाचं, टोनी आयोमीचं, आत्मचरित्र पुन्हा काढायचं मनात होतं, या आठवड्यात जमलं. बर्मिंगहॅममधला पत्र्याचा कारखाना, वय १७, नोकरीचा शेवटचा दिवस. जेवून परत जायचं नव्हतं, पण आई म्हणाली, काम नीट पुरं करून ये. नेहमीचा माणूस आला नव्हता म्हणून याला प्रेसवर बसवलं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच! मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, घासून बोटांवर बसवली, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या, पुढे सूरही खाली उतरवला. ब्लॅक सॅबथचा तो जड आवाज यातून आलाय. कॉलेजात नुसता ऐकला होता, आता ऐकताना बोटं दिसतात. दारू-ड्रग्जच्या किश्शांपेक्षा मला ही कारागिरी वाचायला आवडते. तुम्ही कुणाकुणाची वाचलीत? लिहा सगळं.

रानजाई:
रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स!! सहावी तार काढून टाकून ओपन जीमध्ये (मोकळ्या तारा छेडल्या तरी जी कॉर्ड वाजेल अशी जुळणी) वाजवतो तो भाग. लेकाच्या गिटारवर करून बघितलं, एक बोट आडवं दाबलं की पूर्ण कॉर्ड! बाकी नंतर, कुकर लावायचाय.

पेठकर:
आयोमीला कारखान्याच्या फोरमनने आणून दिलेली गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड राहिली की. आगीत हात भाजल्यावर दोन बोटांवर सोलो वाजवणारा माणूस. ती ऐकून आयोमी परत उभा राहिला. त्या फोरमनला दंडवत.

निळीशाई:
गायिका-कवयित्री पॅटी स्मिथ. बाबा आयसीयूत होते, बाहेरच्या बाकड्यावर वाचलं. पोटात भूक, सँडविचला पैसे कमी पडतात आणि कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग भरतो, तिला मुलगा समजून! तिथे चक्क हसू आलं. तिचा जिवलग मित्र मेपलथॉर्प जातो ती पानं मात्र घरी आल्यावरच वाचली.

रानजाई:
अगं निळी, बाबा कसे आहेत आता?

निळीशाई:
छान आहेत गं. काल एकटे मंडईत जाऊन आले.

सातपंचवीस:
ब्रूस डिकिन्सन, आयर्न मेडन बँडचा गायक. फेब्रुवारी २००८ मध्ये आयर्न मेडन मुंबईत बीकेसीत वाजले तेव्हा बँडचं विमान हाच उडवत आलेला. होतो मी तिथे, घसा बसेपर्यंत ओरडलो. त्या माणसाला जिभेचा कॅन्सर! रेडिएशन, केमो, सगळं सरळ लिहिलंय. मामांचं तेच सुरू होतं, मामीला ती पानं मराठीत सांगत बसायचो.

चहाकमी:
क्वीन बँडच्या फ्रेडी मर्क्युरीने लिहायला हवं होतं. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, तिथल्या बँडचं नाव हेक्टिक्स. माझी आत्या पाचगणीलाच असते, स्ट्रॉबेरीच्या दिवसांत आम्ही सगळे तिकडे.

पेठकर:
स्ट्रॉबेरी निघाली, धागा गेला 😄 भाव विचार आत्याला.

चहाकमी:
विचारते. आयोमी कुणी वाचायला देईल का? पुण्यात येऊन नेईन.

निळीशाई:
माझ्याकडे आहे, कोथरूडला ये. येताना कीथ आण, रानजाईकडून घेऊन.

रानजाई:
माझी प्रत बहिणीने नेलीय नाशिकला 😭