टापू, बेट की द्वीप? आणि 'आयसोलेशन'चं काय करायचं?

रामबागेतली:
आमच्या इंदूरच्या वाचनमंडळात दर महिन्याला एकीनं, हातात असलेल्या पुस्तकाबद्दल अर्धं पान लिहून आणायचं असतं. या खेपेला पाळी माझी, आणि मी नेमकी अशी एक इंग्रजी कादंबरी वाचून राहिलेय जी मला धड कळतच नाही. ऐंशी पानं झाली. लहानसा टापू, शंभरेक माणसं, बोट कधी येते ते कोणी सांगत नाही. सुरुवातीला नकाशा छापलाय, त्यात विहीर उत्तरेला. गोष्टीत मात्र ती दक्षिणेला. आधी वाटलं छापणाऱ्याची चूक, आता संशय येतोय की मुद्दाम केलंय. गोष्ट सांगणारा म्हातारा दर दोन पानांनी 'आमचं आयसोलेशन' म्हणतो. तेही कसं, तर 'आमची गाय' म्हणावं तसं.

मी मथळा दिला 'टापूवरचा एकांत'. पुण्याच्या नणंदेला फोनवर वाचून दाखवला तर ती हसतच सुटली. म्हणे टापू म्हणजे मुलूख, 'दुष्काळी टापू' म्हणतात तसा. आणि एकांत नव्या जोडप्याला लागतो, म्हाताऱ्या कोळ्यांना नाही. आमच्या घरात तीन पिढ्या टापू म्हणजे पाण्यातली जमीनच. चुकतंय कोण? आणि आयसोलेशनला काय म्हणू?

माळवी मिरची:
नणंदबाईंना एकदा नर्मदेच्या धरणातल्या हनुवंतिया टापूला घेऊन जा, विषय संपेल. कादंबरीचं नाव काय पण?

रामबागेतली:
नाव नाही सांगणार. कोणीतरी शेवट सांगून मोकळं होईल.

जुनी पोथी:
नणंदेचं बरोबर आहे. मराठीत टापू म्हणजे प्रदेश. तुमच्या घरातला टापू हिंदीतून आलेला आहे, जसा इंदूरच्या मुलांच्या तोंडी द्वीपकल्पाचा 'प्रायद्वीप' होतो. सरळ 'द्वीप' लिहावं. द्वि अधिक अप्, दोन्हीकडे पाणी. त्यातल्या 'अप्'चा 'ईप' कसा होतो त्यासाठी पाणिनीचं स्वतंत्र सूत्र आहे. व्यासांना द्वैपायन म्हणतात ते यमुनेतल्या द्वीपावर जन्म झाला म्हणून. इतका कुळाचार असलेला शब्द सोडून टापू कशाला?

माळवी मिरची:
काका, कुळाचार पाहून शब्द निवडायचा तर मग पत्रिकाही जुळवू. 'द्वीप' मी फक्त भूगोलाच्या पुस्तकात आणि पूजेच्या संकल्पात ऐकलाय. गुरुजी 'जंबुद्वीपे' म्हणतात तेव्हा आपण सगळेच द्वीपावर असतो, पण कोणाला एकटं वाटतं का? पुढच्या पाटावरचा शिरा दिसत असतो.

बडोदेकर:
इकडे गुजरातीत टापू म्हणजे बेटच, आणि 'बेट' शब्दही आहे. बेट द्वारका घ्या. 2024 मध्ये तिथे सुदर्शन सेतू झाला, आता ओख्याहून गाडी थेट पलीकडे जाते. म्हणजे बेटपण गेलं, नावात तेवढं राहिलं. तेव्हा ताईंचा टापू निव्वळ हिंदीचा असं नाही, सगळ्या शेजाऱ्यांचा आहे. विचित्र आपणच, की त्याचा मुलूख करून ठेवला.
बाकी अशा भांडणावर आमच्या सयाजीराव महाराजांनी उपाय काढला होता. 1931 सालचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' पाहा. राज्यकारभाराच्या एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे सगळे शेजारी शेजारी बसवलेत. कोणी कोणाला उठ म्हणत नाही.

जुनी पोथी:
बसवलेत, पण शेवटी निवड करायचीच होती ना? पंगतीत बसवणं वेगळं आणि घरात घेणं वेगळं.

दहा ते पाच:
हनुवंतियाचा विषय निघालाच आहे म्हणून. तिथे गाडी पार आत जाते, तीन बाजूंना पाणी आणि एका बाजूला डांबरी रस्ता. तो टापू कसला, काकांचा द्वीपकल्प म्हणा फार तर. खरे टापू पुढे आहेत, बोटीतून दिसतात, आणि ते टापू नव्हतेच कधी. ती टेकडं आहेत. इंदिरा सागर धरणाचं पाणी चढत गेलं आणि टेकडांचे माथे तेवढे वर राहिले. 2004 साली बुडणारं हरसूद गाव रिकामं झालं तेव्हा मी त्या भागात नोकरीला होतो. लोक आपल्या घरांच्या भिंती स्वतः पाडत होते, चौकटी-दारं ट्रकवर चढवत होते. आता जलमहोत्सवाला तिथे तंबू लागतात आणि लोक विचारतात, भिया, टापूवर नेणार का? मी नेतो. पण मला ते टापू म्हणवत नाही.
ताई, तुमच्या कादंबरीत माणसं त्या बेटावर गेली आहेत, की पाणी त्यांच्याकडे आलंय?

रामबागेतली:
हे मी विचारच केला नव्हता. ऐंशी पानांत 'आम्ही इथे आलो' असं एकदाही नाही. थांबा, परत पाहते.

माळवी मिरची:
तोवर माझं एक घ्या. लॅटिनमध्ये इन्सुला म्हणजे बेट. त्यावरून इटालियन इसोला, त्यावरून इसोलातो म्हणजे बेट करून टाकलेला, आणि तिथून इंग्रजी आयसोलेट. म्हणजे तुमचा म्हातारा बेटावर बसून 'आमचं बेटपण' म्हणतोय. वायरमनचं इन्सुलेशन तेच. आणि स्वादुपिंडात पेशींची बेटं असतात, त्यांच्यावरून इन्सुलिन. आमचे बाबा पोहे-जलेबी खाण्याआधी रोज बेट टोचून घेतात असं म्हणायला हरकत नाही. गंमत म्हणजे आयलंडचा या घराण्याशी संबंधच नाही. त्यातला न उच्चारायचा एस नंतर कोणीतरी नातं जोडण्यासाठी घुसडला.

जुनी पोथी:
मग आमच्या कुळाचाराला हसलात कशाला? लॅटिनचं कूळ चालतं वाटतं.
आयसोलेशनसाठी 'विविक्तता' आहे. गीतेत 'विविक्तदेशसेवित्वम्' आलंय.

माळवी मिरची:
'आमची विविक्तता'. वाचनमंडळातल्या बायका आधी उच्चार करून बघतील आणि मग चहा मागतील.

बडोदेकर:
विजनवास?

जुनी पोथी:
विजन म्हणजे माणूस नसलेलं. तिथे शंभर माणसं आहेत असं त्या म्हणाल्यात.

दहा ते पाच:
काळं पाणी. मराठी माणसाला बेट म्हटलं की अंदमानच आठवतं. पाठवलेला परत येत नाही, एवढं सगळं त्या दोन शब्दांत आहे.

रामबागेतली:
पण म्हातारा शिक्षा भोगत नाहीये हो. त्याला ते आवडतं, निदान तसं तो म्हणतो. मला 'विलगीकरण' सुचलं होतं, पण लिहिताना हात थांबला. 2020 साली आमच्या दारावर कागद चिकटवला होता, आणि समोरच्या काकू गच्चीतून दोरीनं भाजीची पिशवी सोडायच्या. विलगीकरण म्हटलं की मला ती पिशवी दिसते. आणि एकांत इतका वाईट आहे का? तुकोबांनीच म्हटलंय, 'येणें सुखें रुचे एकांताचा वास'. ते काही नवं जोडपं नव्हतं.

माहेर इंदूर:
उशिरा आले. मी सासरी कोकणात आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, परसातल्या बेटाजवळ केर टाकू नको. मी समुद्राकडे बघायला लागले. त्यांना बांबूचं बेट म्हणायचं होतं. एकाच बुडातून तीस-चाळीस काठ्या, इतक्या दाट की मधली एक काढायची तर शेजारच्या चार वाकवाव्या लागतात. वाऱ्यात सगळं बेट एकमेकांवर घासून करकरतं. तेव्हापासून समुद्रातलं बेट म्हटलं तरी मला आधी तेच दिसतं. द्वीपात भोवतालचं पाणी दिसतं, बेटात आतली दाटी. तुमची शंभर माणसं कशी आहेत, पाण्याकडे बघणारी की एकमेकांना घासणारी?

रामबागेतली:
घासणारी! समुद्राचं वर्णन जवळपास नाहीच. कोण कोणाच्या अंगणात उभं राहिलं, कोणी कोणाची शिडी परत केली नाही, हेच चालू आहे. म्हातारा सकाळपासून रात्रीपर्यंत एक मिनिट एकटा नसतो. हे आयसोलेशन नक्की कोणाचं मग?

जुनी पोथी:
वृक्षांचं बेट आणि समुद्रातलं बेट हे मूळ एकच शब्द आहेत असं गृहीत धरू नये.

माहेर इंदूर:
मी व्युत्पत्ती नाही सांगितली काका, केर कुठे टाकला ते सांगितलं.

बडोदेकर:
मघापासून एक पाहतोय. निम्मे जण इंदूर लिहितात आणि बोलताना इंदौर म्हणतात. त्याचं काय?

जुनी पोथी:
इंदूरच. यावर चर्चा नको.

माळवी मिरची:
स्टेशनवरची पाटी वाचता ना काका?

जुनी पोथी:
पाटी हिंदीत आहे.

दहा ते पाच:
ताई, पाणी आधी की माणसं आधी? तुम्ही पाहून सांगणार होतात.

रामबागेतली:
पाहिलं. सत्ताविसाव्या पानावर म्हातारा एका ओळीत म्हणतो की त्याच्या आजोबांची गाडी होती, बैल जुंपायची. एवढ्याशा टापूवर गाडी कशाला? तेव्हा मी ती ओळ नुसती वाचून पुढे गेले होते. आता पुढचं वाचायची घाई झालीय आणि मंडळाचा मंगळवार परवावर आलाय. मथळ्याची जागा कोरीच आहे.
नणंदेचा परत फोन आला होता. आता म्हणते टापू एक वेळ चालेल, पण इंदूरकरांसारखं 'वाचून राहिलेय' तेवढं लिहू नको. मी कधी लिहिलं असं?

माळवी मिरची:
वर बघा ताई. दुसऱ्याच वाक्यात.