मदत हवी आहे: मिनीडिस्कवरची कानबाईची गाणी उतरवता येत नाहीत

राम राम मंडळी, अमळनेरहून लिहितोय.

आजीने म्हटलेली कानबाईची (आमच्या खानदेशातली देवी) अहिराणी गाणी काकांनी माइक लावून मिनीडिस्कवर, म्हणजे आवाज रेकॉर्ड करायच्या छोट्या डिजिटल डिस्कवर, घेतली होती. रोटांच्या (कानबाईच्या नैवेद्याच्या) गडबडीत बसलेल्या बायका, बांगड्या, मधेच आजीचं "जरा दम धरा वं!" सगळं आहे त्यात. तेव्हाच ऑप्टिकल (डिजिटल) केबलने काढलेली एक कॉपी त्यांनी आम्हाला दिली. मूळ डिस्क घर बदलताना हरवली.

आता काकांचाच मिनीडिस्क डेक आणून ती कॉपी ऑडिओ सीडी रेकॉर्डरवर घ्यायला गेलो, तर रेकॉर्डर घ्यायलाच तयार नाही. ऑप्टिकल केबल बदलली, तेच. आणि गंमत बघा, बाजारातली विकतची सीडी त्याच रेकॉर्डरवर निमूट उतरते! आमच्या आजीच्या गाण्यांनाच कुलूप का? ते तोडायचं काही सॉफ्टवेअर असतं का?

प्रतिसाद १
बिघाड नाही भो, ही एससीएमएसची, म्हणजे डिजिटल कॉपीवर कॉपी रोखणाऱ्या यंत्रणेची करामत. डिजिटल आवाजासोबत कॉपीच्या परवानगीच्या खुणाही जातात. विकतच्या सीडीची एक डिजिटल कॉपी चालते, कॉपीची कॉपी नाही. माइकवरून घेतलेल्या डिस्कचंही तसंच. तुमच्या वाट्याची ती एक कॉपी काकांनी तेव्हाच वापरली. गाणं कोणाचं, हे यंत्राला कुठे कळतं?

सॉफ्टवेअर शोधत बसू नका. ऑप्टिकल इनपुट असलेलं साउंड कार्ड मिळालं तर बघा, बरीच कार्डं या खुणांकडे लक्षच देत नाहीत. ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट ठेवा.

प्रतिसाद २
एवढं कशाला? डेकच्या लाइन आउटमधून संगणकाच्या लाइन इनमध्ये साधी वायर टाका. ही रोखठोक फक्त डिजिटल वाटेवर आहे. मिनीडिस्क मुळातच आवाज दाबून साठवते, सेकंदाला २९२ किलोबिटला. सीडीला १४११ लागतात. त्यामुळे एकदा अॅनालॉगमधून, म्हणजे या साध्या वायरीतून गेल्याने कानाला फरक पडणार नाही. माइकच्या भोकात मात्र खुपसू नका, आवाज फाटेल. डब्ल्यूएव्ही (न दाबलेली) फाइल करा, एमपीथ्री नंतर. आणि लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, गुणगुण कमी होते.

धागाकर्ता
वायरनेच जमलं! चार्जर काढल्यावर घरघर खरंच गेली. फक्त "दम धरा वं"ला मीटर लाल होतो. लेव्हल उतरवून तेवढा भाग परत घेतोय.