स्टॅटिन चालू असताना पन्हाळा–पावनखिंड: गोळी थांबवावी का?

रंकाळाकाठ (मूळ लेखन): माझे वय 58 आहे. अँजिओप्लास्टीनंतर दोन वर्षे रोसुव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी) चालू असून पहाटे रंकाळ्याला फेरी असते. आषाढात पन्हाळा ते पावनखिंड चालायचे ठरताच फिरायला येणाऱ्या तिघांनी "आठ दिवस आधी गोळी बंद करा, नाहीतर मांड्या धरतील" असे बजावले. हा सल्ला मला धोकादायक वाटतो. मांड्या धरतात त्या मुख्यतः उतारामुळे, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार तोलतो आणि सवय नसेल तर त्याला सूक्ष्म इजा होते. गोळी कधीही न घेतलेल्या माणसाचेही सीपीके (स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे एन्झाइम) त्यानंतर वाढते. त्यावर उपाय म्हणजे श्रम हळूहळू वाढवणे. एवढ्यासाठी स्टेंट बसवलेल्याने गोळी सोडावी, हे मला मुळीच मान्य नाही.

लाल माती: माझा स्पष्ट विरोध आहे. तालमीत पंचवीस वर्षे जोर-बैठका मारलेल्या माणसाला मेहनतीचे दुखणे ओळखू येते. ॲटोर्व्हास्टॅटिन सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझ्या दोन्ही मांड्या सारख्याच जड झाल्या आणि बैठकीतून उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागू लागला. गोळी थांबवल्यावर पंधरा दिवसांत ते गेले. बोस्टन मॅरेथॉननंतर स्टॅटिन घेणाऱ्या धावपटूंचे सीपीके इतरांपेक्षा जास्त वाढल्याची नोंद आहे. मग संबंध नाही असे कसे म्हणता?

घाटावरचा: आपले दुखणे खरेच आहे, वाद आहे तो कारणाचा. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी वर्षभर काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब नकली गोळी दिली आणि काही महिने काहीच दिले नाही. खऱ्या गोळीने झालेल्या त्रासापैकी सुमारे 90 टक्के त्रास नकली गोळीनेही झाला, असे 2020 मध्ये दिसून आले. तरीही दोन्ही मांड्या सारख्या दुखणे आणि तेही सुरुवातीच्या आठवड्यांत, हे आपले वर्णन उरलेल्या वाट्यातले असू शकते. अशा वेळी थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासतात, क्लॅरिथ्रोमायसिनसारखे एखादे औषध सोबत चालू होते का ते पाहतात, मात्रा कमी करतात किंवा दुसरे स्टॅटिन देतात. गोळी आपल्या मनाने सोडू नये.

लाल माती: माझे थायरॉइड कोणी तपासलेच नाही, ते आता करून घेतो. पण उसाच्या मोळ्या उचलून ज्याचे पोट भरते, त्याला "श्रम हळूहळू वाढवा" हे सांगून काय उपयोग?

रंकाळाकाठ: हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता आणि तो मला पटतो. गोळी लिहून देताना कामाचे स्वरूप विचारलेच पाहिजे. माझ्या हाती वेळ आहे, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीने जोतिबाच्या पायऱ्या आतापासून आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला निम्म्याच, चढतो-उतरतो आहे. सीपीके तपासायचे झाल्यास आधीचे तीन दिवस पायऱ्या बंद ठेवीन, नाहीतर मेहनतीनेच आकडा फुगायचा. वाटेत तीव्र दुखून लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर पुढे न चालता, गोळीही न घेता, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे, हे सोबतच्या तिघांनाही सांगून ठेवले आहे.