नगरसेवक वाट्टेल तसं बोलतो, पण त्याला मत दिलं आपणच… मग चूक कुणाची?

कडकभाकरी_सोलापूर:
आमच्या प्रभागातला एक नगरसेवक (नाव नको, पक्ष तर नकोच) ड्रेनेजची तक्रार घेऊन गेलेल्या बाईला नको नको ते बोलला, व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवर फिरायलाय. घरी मी चिडून बोलायलो तर आई भाकरी थापता थापता म्हणते, मत कोण दिलं बे त्याला? तूच की. गप्पच बसलो. खरंय, जानेवारीत मीच बटण दाबलं. पण मी ड्रेनेज, पाण्यासाठी मत दिलं, शिव्यांसाठी नाही दिलं ना? त्याच्या तोंडाची जबाबदारी माझ्यावर कशी काय?

साखरपेठ_जुना:
आईचं बरोबर हाय. माणूस पहिल्यापासून तसाच होता, तेव्हा आपल्याला तो 'डॅशिंग' वाटायचा. दुसऱ्याला शिव्या देतो तोपर्यंत दमदार नेता, आपल्या गल्लीत दिल्या की लगेच उद्धट.

लूमवाला७१:
एवढं सरळ नाय ओ. एका प्रभागात चार जण (दोन प्रभागांत तीन), मतदार चार बटणं दाबतो, त्यातलं एक तरी नीट बघून दाबतो का? एकाचं नाव माहीत असतं, बाकी तीन चिन्ह बघून. पुढं पाणी चार-पाच दिवसाआड आलं की चौघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. आणि 2017 ला निवडलेल्यांची मुदत मार्च 2022 ला संपली, नंतर जवळपास चार वर्षं प्रशासकच, तेव्हा पाणी काय रोज आलं का? म्हणजे सगळंच मतदाराच्या माथी मारू नका. उजनी धरण भरलेलं असून पण नळ कोरडा, त्यात माझ्या मताचा काय दोष.

बाळीवेस_ताई:
@लूमवाला७१ पाण्याचं मान्य. पण पाकिटाचं काय?
आमच्या गल्लीत 12 जानेवारीला चार पुतळ्याला (चार हुतात्म्यांच्या) हार घालून आलेली पोरं, त्या चौघांना 1931 ला त्याच तारखेला फाशी झाली म्हणून स्टेटस ठेवणारी, सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत रात्री घरोघर मतासाठी पैशाची पाकिटं वाटत फिरत होती. आणि घेतली सगळ्यांनी, माझ्या जावेनं पण. 'आपलेच पैसे परत यायलेत' म्हणे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 प्रमाणं देणाऱ्यासारखा घेणारा पण गुन्हेगार, हे सांगितलं तर माझ्याशीच दोन दिवस अबोला. आता त्याच माणसाला 'असं का बोलला' विचारायला कुठल्या तोंडानं जायचं? तो हिशोब चुकता करून बसलाय.

जुळेसोलापूर_नवा:
नोटा ('यातलं कुणीच नको'चं बटण) दाबा की राव. 2018 पासून आपल्या राज्यात महापालिकेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायचा नियम हाय.

साखरपेठ_जुना:
@जुळेसोलापूर_नवा नोटा जिंकल्यावर ड्रेनेज कोण काढणार, तुम्ही का? 😄

कडकभाकरी_सोलापूर:
ताई, पाकीट नाही घेतलं मी, शप्पथ. पण भावाच्या लग्नाला हॉल स्वस्तात त्यानंच मिळवून दिलेला… ते पण तसलंच का? लिहिताना आत्ता आठवलं. मधेच परत बोलवता येत नाही का अशा माणसाला?

लूमवाला७१:
नाही. आमदार-खासदार असू दे नाहीतर नगरसेवक, मतदारांना ती सोयच नाही. गावाकडं थेट निवडलेल्या सरपंचावर अविश्वास आला तर ग्रामसभेत मतदान तरी होतं. आपल्याला क्षेत्रसभा मागता येते, 2009 पासून महापालिका कायद्यात हाय, नगरसेवकानं मतदारांना बोलवून बसायचं, प्रश्न ऐकायचे. मी पन्नास वर्षं झाली सोलापुरात, एक पण बघितली नाही. आणि मागितली पण नाही, ते पण खरंय. गणपतीची वर्गणी मागायला मात्र दरवर्षी जातोय त्याच्याकडं.

बाळीवेस_ताई:
मग मागा की. त्या बाईला सोबत घ्या, व्हिडिओ बघून हसणारे पण घ्या.

कडकभाकरी_सोलापूर:
आईला विचारलं, म्हणाली मी पहिली सही करते. आठ-दहा जणं तयार हायत. अर्ज नगरसेवकाला द्यायचा का झोन ऑफिसला?

लूमवाला७१:
दोन्हीकडं. झोनला आवक-जावकला द्या, झेरॉक्सवर शिक्का मारून पोच घ्या. 'साहेब जेवायला गेलेत' म्हणतील, बसून राहा.