एजन्सीतून कंपनीत लागलेल्यांनो, पगार-पीएफ-ब्रेकचं नेमकं लिहा

संभाजीनगरकडच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा एमआयडीसी, तशाच जालन्याच्या लोखंडाच्या रोलिंग मिला. पोरं ठेकेदार एजन्सीमार्फत लागतात आणि पैसे कुठं गळतात ते कळत नाही. कुठं बघायचं, काय मागायचं, तेवढं लिहा. एजन्सीचं नाव नको.

रांजणगावकर
आधी स्लिप बघा. बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) १३,००० असेल आणि वर दुसरा भत्ता नसेल तर पीएफपोटी १,५६० आणि ईएसआय, म्हणजे कामगार विम्यापोटी ९८ एवढंच तुमच्या पगारातून कापायला पाहिजे. पीएफपोटी ३,१२० कापले म्हणजे मालकाचा हिस्साही तुमच्याच खिशातून गेला. ही लबाडी लई चालते, 'सीटीसीत (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चात) धरलंय' म्हणून गप्प बसवतात. मग पीएफचं पासबुक उघडा: तुमचे १,५६०, आणि मालकाच्या हिश्श्यातले पीएफला ४७७, पेन्शनला १,०८३. स्लिपवर कपात आणि पासबुकात महिना कोरा असेल तर ईपीएफओ, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या पोर्टलवर तक्रार टाका, सोबत स्लिप आणि गेटपासचा फोटो जोडा. एजन्सीनं पगारच बुडवला तर तो देणं मूळ कंपनीवर येतं, म्हणून अर्जाची प्रत कंपनीच्या एचआरलाही द्या आणि पोच घ्या.

शिफ्ट_बी
ओटीचा (ओव्हरटाइमचा) हिशोब: १३,००० भागिले २६, भागिले ८, म्हणजे तासाला ६२.५०. ओटीला त्याच्या दुप्पट, १२५. एजन्सी ३० नं भागते आणि वर सिंगल रेट लावते. पंचिंगचा फोटो रोज काढून ठेवा, महिनाअखेरीला मस्टर (हजेरीपट) हातात देत नाहीत.

जालना रोड
ब्रेकचं सांगतो. सलग वर्षाची नोकरी धरली जाऊ नये म्हणून २४० दिवस भरायच्या आत काढतात, आठ-पंधरा दिवसांनी त्याच मशीनवर दुसऱ्या एजन्सीच्या नावानं घेतात. जुनी एजन्सी पीएफला एक्झिट डेट (काम सोडल्याची तारीख) टाकत नाही, म्हणून जुना पीएफ नव्या खात्यात ट्रान्सफर व्हायचा अडतो. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) पोर्टलवर 'मॅनेज'मधून 'मार्क एक्झिट' आपणच करता येतं. आधारला जोडलेला मोबाईल चालू पाहिजे. दर ब्रेकला १०-सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढू नका भावांनो. पेन्शनला एकूण १० वर्षं लागतात, पैसे काढले की मागची सेवा पुसली जाते. आणि नवी एजन्सी नवा यूएएन काढायला बघते, तिला जुनाच नंबर द्या.

प्रेसशॉप
बोट प्रेसमध्ये गेलं की सुपरवायझर खाजगी दवाखान्यात नेतो, रोख बिल भरतो आणि घरी पडल्याचं लिहून घेतो. सही करू नका. कामावरच्या इजेला ईएसआयत पहिल्या दिवसापासून हक्क आहे, सुट्टीत सरासरी मजुरीच्या ९० टक्के मिळतात. पण अपघात अहवाल गेला नाही तर पुढं कायमच्या अपंगत्वाचा दावा अडकतो.

ताई_चिकलठाणा
प्रेसशॉप दादा, साध्या आजारपणाचं वेगळं आहे: त्याचे पैसे मिळायला सहामाहीत ७८ दिवसांची ईएसआयची वर्गणी लागते. ब्रेकमुळं नेमके तेच दिवस कमी पडतात. बायांनी प्रोफेशनल टॅक्सही बघावा, महिना २५,००० पगारापर्यंत तो बायांना माफ आहे तरी २०० कापतात.