पगारातून कापलेली एव्हीसी सात महिने गुंतवलीच गेली नाही: तक्रार कोणाकडे करावी?

टेम्सकाठ

नमस्कार. मी इंग्लंडमधील एका कंपनीत नोकरी करतो. कंपनीची मुख्य पेन्शन पगार आणि सेवाकाळावर ठरते, आणि तिच्या जोडीला मी दरमहा 250 पौंड एव्हीसी, म्हणजे ऐच्छिक जादा वर्गणी, भरतो. ही वर्गणी एका वेगळ्या विमा कंपनीकडे युनिटांच्या रूपात गुंतवली जाते. मे 2024 मध्ये योजनेच्या विश्वस्तांनी ही विमा कंपनी बदलली.

वार्षिक विवरणपत्र हाती आल्यावर मी पेस्लिपांची चळत घेऊन एकेक महिना पडताळत बसलो, तेव्हा असे लक्षात आले की मे ते नोव्हेंबर या सात महिन्यांत प्रत्येक वेळी 250 पौंड कापले गेले आहेत, परंतु विवरणपत्रात त्या सात महिन्यांच्या ओळीच नाहीत. डिसेंबरच्या ओळीत एकदम 2,000 पौंड जमा दिसतात. पगार विभाग म्हणतो की आम्ही रक्कम वेळेवर पाठवली. पेन्शन प्रशासक म्हणतो की फाइलमध्ये अडचण होती. विमा कंपनी म्हणते की सूचना मिळाली त्या दिवशी आम्ही युनिट घेतले. आता पैसे आले आहेत, तेव्हा विषय संपला, असा तिघांचाही सूर आहे. मला तो संपलेला वाटत नाही. मी काही महिन्यांत निवृत्त होणार असल्याने हे प्रकरण लोंबकळत ठेवण्याचीही इच्छा नाही. तक्रार नेमकी कोणाकडे करावी, आणि काय मागावे?

जुना हिशेबनीस

मी बरीच वर्षे पेन्शन प्रशासनाच्या कामात होतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. पैसे आले म्हणून विषय संपत नाही, हे आपले म्हणणे योग्य आहे. आपले नुकसान पौंडांत मोजू नका, युनिटांत मोजा. समजा, जूनमध्ये युनिटचा भाव 2 पौंड होता आणि डिसेंबरमध्ये 2.20 पौंड झाला; तर जूनच्या 250 पौंडांना 125 युनिट मिळायला हवे होते, प्रत्यक्षात सुमारे 113.64 मिळाले. हा फरक निवृत्तीपर्यंत आपल्याबरोबर चालतो आणि भाव वाढेल तसा वाढतो. म्हणून सातही महिन्यांच्या योग्य तारखांच्या भावाने युनिट काढून द्यावेत आणि कमी पडलेले युनिट खात्यात जमा करावेत, अशी मागणी लेखी करा. मात्र हेही प्रामाणिकपणे पाहा की त्या काळात भाव उतरला असेल, तर उशिरा खरेदी होऊन आपल्याला जास्तच युनिट मिळाले असतील, आणि मग आर्थिक भरपाईचा प्रश्न उरत नाही.

आता पैसे अडले कुठे, हे शोधायचे. पगारातून कापलेली वर्गणी मालकाने पुढच्या महिन्याच्या 19 तारखेपर्यंत, आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरत असल्यास 22 तारखेपर्यंत, योजनेकडे पोचवली पाहिजे, असा नियम आहे. तिथपर्यंत विलंब झाला असेल तर दोष मालकाचा. त्यानंतर झाला असेल तर जबाबदारी विश्वस्तांवर येते, कारण वर्गणी गुंतवण्यासारखे आर्थिक व्यवहार तत्परतेने आणि बिनचूक होतील याची काळजी घेणे हे त्यांचेच काम आहे. ते काम त्यांनी बाहेरच्या प्रशासकाला दिले म्हणून त्यांची जबाबदारी सुटत नाही. विमा कंपनी बदलते तेव्हा जुनी फाइल नव्या प्रणालीत बसत नाही, आणि ज्या रकमेचा धनी जुळत नाही ती उचंत खात्यात पडून राहते. माझा अंदाज असा की आपली रक्कम तिथेच असावी.

यासाठी मालक, प्रशासक आणि विमा कंपनी या तिघांकडेही स्वतःच्या वैयक्तिक माहितीची मागणी करा. ती विनामूल्य असते आणि साधारणपणे एका महिन्यात द्यावी लागते. प्रत्येक महिन्याची रक्कम कोणत्या तारखेला निघाली, कोणत्या तारखेला पोचली आणि युनिट कधी घेतले गेले, एवढे तीन रकाने मागा. फोनवर काहीही मिटवू नका. मी स्वतः फोन घेत असे, म्हणून सांगतो, फोनवरील तक्रारीची नोंद बहुतेक वेळा ‘सदस्याने चौकशी केली’ एवढीच राहते.

माहिती हाती आली की विश्वस्तांना पत्र लिहा आणि त्यात ‘ही अंतर्गत तक्रार निवारण पद्धतीखालील औपचारिक तक्रार आहे’ हे वाक्य स्पष्टपणे घाला. ते वाक्य नसेल, तर पत्र ग्राहकसेवेच्या टोपलीत जाते. निर्णय साधारण चार महिन्यांत येणे अपेक्षित असते. तो पटला नाही, तर पेन्शन ओम्बड्समनकडे, म्हणजे पेन्शनच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, विनामूल्य जाता येते. तिथे घटना घडल्यापासून, किंवा ती कळल्यापासून अथवा कळायला हवी होती तेव्हापासून, तीन वर्षांची मुदत असते. आणि अंतर्गत तक्रार चालू आहे म्हणून हे घड्याळ थांबते, असे गृहीत धरू नका.

जाता जाता एक. पेस्लिपवर एव्हीसीची कपात कर मोजण्यापूर्वी झाली आहे की नंतर, हेही पाहून घ्या. पगाराची प्रणाली किंवा विमा कंपनी बदलताना हा कोड चुकीचा पडल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत. कर जास्त गेला असेल, तर तो परत मागण्यासाठी संबंधित करवर्ष संपल्यापासून चार वर्षे मिळतात.

सासरमाहेर

माझ्या बाबतीत घोळ नावाने घातला. लग्नानंतर मी कंपनीत नाव बदलले, परंतु एव्हीसीच्या विमा कंपनीकडे माहेरचेच आडनाव राहिले. त्यातच पगार विभागाने मधले नाव, जे आधी वडिलांचे होते आणि नंतर पतीचे झाले, आडनावाच्या रकान्यात टाकले. नॅशनल इन्शुरन्स क्रमांकातही एक अक्षर चुकले होते. परिणामी माझ्या नावाने दोन खाती उघडली गेली आणि एकात चार महिन्यांची वर्गणी वर्षभर पडून राहिली. आपल्याकडची तीन तुकड्यांची नावे तिथल्या दोन रकान्यांत कोंबली जातात, तेव्हा असे होणारच. माझी विनंती इतकीच की पासपोर्ट, पेस्लिप आणि विवरणपत्र शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख आणि क्रमांक अक्षरशः बोट ठेवून ताडून पाहावे.

टेम्सकाठ

सर्वांचे आभार. माझे नाव आणि क्रमांक सर्वत्र बरोबर आहेत. माहितीची मागणी केल्यावर तिन्ही ठिकाणची उत्तरे आली. मालकाने सातही वेळा 20 तारखेच्या आत रक्कम भरली आहे. प्रशासकाच्या नोंदीत प्रत्येक रकमेपुढे ‘नवीन पॉलिसी क्रमांक प्रलंबित’ असा शेरा आहे, आणि डिसेंबरमध्ये तो क्रमांक भरल्यावर सगळी रक्कम एकदम पुढे गेली. म्हणजे उचंत खात्याचा अंदाज खरा निघाला. विश्वस्तांना पत्र पाठवले असून सोबत सात पेस्लिपा, विवरणपत्राचे पान आणि प्रशासकाच्या शेऱ्यांची प्रत जोडली आहे. विमा कंपनीने सातही तारखांचे भाव कळवले. माझ्या हिशेबाने 58 युनिट कमी पडतात.

आता निवृत्तीचा अर्ज समोर आहे. मुख्य पेन्शन सुरू करून एव्हीसीचा वाद मागाहून मिटवला तर चालेल का?

जुना हिशेबनीस

घाई करू नका. बऱ्याच योजनांच्या नियमांनुसार, मुख्य पेन्शन आणि एव्हीसी एकाच वेळी घेतल्यास करमुक्त एकरकमी रक्कम आधी एव्हीसीतून घेता येते. उदाहरण म्हणून, 12,000 पौंडांची वार्षिक पेन्शन 20 पट करून 2,40,000 धरतात. त्यात 40,000 पौंडांची एव्हीसी मिळवली की एकूण 2,80,000 होतात, आणि त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे करमुक्त घेता येणारी रक्कम, 70,000 असल्याने एव्हीसी संपूर्ण करमुक्त घेता येते, आणि एकरकमी रकमेच्या बदल्यात पेन्शनचा एक पौंडही सोडावा लागत नाही. करमुक्त एकरकमी रकमेची 2,68,275 पौंडांची सर्वसाधारण कमाल मर्यादा या उदाहरणात आड येत नाही. दोन्ही वेगवेगळ्या वेळी घेतल्यास ही सोय हातची जाऊ शकते.

त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी विश्वस्तांना दोन गोष्टी लेखी विचारा: आपल्या योजनेत ही जोडणी आहे का, आणि निवृत्तीनंतर 58 युनिटांची भरपाई झाली तर ती कोणत्या रूपात देणार. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत, तारीख पुढे ढकलणे आपल्याला शक्य असेल, तर सही करू नका.

टेम्सकाठ

निवृत्तीची तारीख तीन महिने पुढे नेण्यास कंपनीने होकार दिला आहे. दोन्ही प्रश्नांचे पत्र आज नोंदणीकृत टपालाने रवाना केले.